युद्धस्मृती आणि कोरियन स्वतंत्र चित्रपट: साक्ष ऐकायची, की अत्याचार पडद्यावर उभा करायचा?

निरंजना (धागाकर्ती)

दक्षिण कोरियाचे चित्रपट आणि मालिका आता आपल्याकडे घरोघरी पाहिल्या जातात, पण त्या देशात मोठ्या निर्मितीसंस्थांच्या बाहेर, लोकवर्गणीवर उभी राहिलेली जी चित्रपटांची परंपरा आहे तिची मराठीत फारशी चर्चा होताना दिसत नाही. गेली साडेतीन दशके ही परंपरा तिथल्या समाजाला नकोशा वाटणाऱ्या विषयांना भिडत आली आहे: जपानी राजवटीत स्त्रियांवर झालेले अत्याचार, कोरियाच्या फाळणीच्या काळात स्वतःच्याच सैन्याने आणि पोलिसांनी केलेली हत्याकांडे, आणि आजच्या समृद्ध कोरियात घरातून हुसकावले जाणारे भाडेकरू व कामाखाली पिचून जाणारी तरुण मुले. यांपैकी युद्धस्मृतीच्या चित्रपटांबाबत माझे एक ठाम मत आहे आणि ते चर्चेसाठी मांडते. ज्या चित्रपटांनी साक्षीदार स्त्रियांचे ऐकून घेतले, त्यांनीच ही स्मृती खऱ्या अर्थाने जपली. ज्यांनी तो अत्याचार कलाकारांकरवी पुन्हा घडवून दाखवला त्यांनी, हेतू कितीही प्रामाणिक असला तरी, त्या स्त्रियांना पुन्हा एकदा केवळ बळी म्हणून उभे केले.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन यांनी सोलमध्ये पत्रकारांसमोर येऊन, नाव आणि चेहरा न लपवता, जपानी सैन्याच्या तथाकथित ‘कम्फर्ट स्टेशन’मध्ये, म्हणजे सैनिकांसाठी स्त्रियांना लैंगिक गुलामगिरीत डांबून ठेवलेल्या ठाण्यात, आपल्यावर काय गुदरले ते सांगितले. तोवर जवळजवळ अर्धशतक हा विषय कुटुंबांनी, समाजाने आणि सरकारांनी दडपून ठेवला होता. त्यानंतर एकेक करून इतर स्त्रिया पुढे आल्या आणि कोरियन सरकारकडे एकूण २४० जणींची नोंद झाली. ८ जानेवारी १९९२ पासून जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी निदर्शने होऊ लागली आणि तीन दशके उलटली तरी ती थांबलेली नाहीत.

ब्यन यंग-जू या तरुण दिग्दर्शिकेचा ‘द मर्मरिंग’ हा माहितीपट १९९५ मध्ये आला. कोरियात नियमित चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला तो पहिला माहितीपट मानला जातो. त्या या विषयाकडे कशा वळल्या हे मला फार महत्त्वाचे वाटते. आशियातील देहविक्रयावर आणि त्यावर पोसलेल्या पर्यटनावर आधीचा माहितीपट करताना त्यांना एक स्त्री भेटली, जिने आईच्या शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी हा व्यवसाय पत्करला होता. आणि ती आई स्वतः युद्धकाळात जपानी सैन्याच्या ताब्यात राहिलेली होती. युद्ध आणि ‘सामाजिक प्रश्न’ असे दोन वेगळे कप्पे करून हे चित्रपट पाहता येत नाहीत, ते यामुळेच. ‘द मर्मरिंग’साठी कोणी निर्माता मिळणे शक्य नव्हते, म्हणून लोकांना शंभर-शंभर फूट फिल्मचा खर्च उचलण्याचे आवाहन करण्यात आले आणि त्या वर्गणीतून चित्रपट पुरा झाला. ब्यन यंग-जू ‘नानुमचे घर’ या निवाऱ्यात एकत्र राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांमध्ये दीर्घकाळ वावरल्या. कॅमेरा बराच काळ बंदच राहिला, कारण आधी ओळख व्हायला हवी होती. त्यामुळे पडद्यावर आपल्याला दिसतात त्या गाणाऱ्या, भांडणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या, एकमेकींवर रुसणाऱ्या बायका, आणि त्याच ओघात, त्यांना वाटेल तेव्हा आणि वाटेल तेवढी, त्यांची हकिकत.

या माहितीपटाच्या १९९७ मधल्या दुसऱ्या भागाची सुरुवात तर त्या स्त्रियांकडूनच झाली. कांग दक-ग्यंग यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता आणि आपले शेवटचे दिवस चित्रित व्हावेत अशी इच्छा त्यांनी स्वतः व्यक्त केली. बाकीच्या बायकांना आपण भाजीपाला पिकवतो, शेतात राबतो, हे दिसायला हवे होते. तिसऱ्या भागात साक्षीदार स्त्रीच प्रश्न विचारणारी होते आणि दुसऱ्या साक्षीदारांशी बोलते. तीन चित्रपटांच्या प्रवासात दिग्दर्शिकेने आपला अधिकार टप्प्याटप्प्याने त्या स्त्रियांच्या हाती सोपवला, आणि हीच मला या त्रयीची सर्वांत मोठी कलात्मक कामगिरी वाटते. जपानमधील यामागाता महोत्सवाने ‘द मर्मरिंग’ला १९९५ मध्ये ओगावा शिन्सुके पुरस्कार दिला, हेही नोंदवण्यासारखे आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला चो जंग-रे यांचा २०१६ चा ‘स्पिरिट्स होमकमिंग’ हा कथापट आहे. चौदा वर्षे धडपडून आणि पंचाहत्तर हजारांहून अधिक लोकांच्या देणग्या गोळा करून त्यांनी तो केला. त्यामागच्या निष्ठेविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु कोवळ्या मुलींवरचे बलात्कार आणि मारहाण त्यात ज्या तपशिलाने उभे केले आहे, ते पाहताना मला सतत वाटत राहिले की या प्रसंगांची गरज चित्रपटाला आहे, साक्षीदारांना नाही.

आणखी एक मुद्दा मांडून थांबते. स्मृतीची खरी कसोटी गुन्हेगार परका असताना लागत नाही, तो आपलाच असतो तेव्हा लागते. ई-गिल बोरा यांचा ‘अनटोल्ड’ हा २०१८ चा माहितीपट व्हिएतनाम युद्धात कोरियन सैनिकांनी केलेल्या हत्याकांडातून वाचलेल्या लोकांना भेटतो, आणि दिग्दर्शिकेचे आजोबा त्याच युद्धात लढलेले होते. ‘द मर्मरिंग’चा खरा वारस मला या माहितीपटात दिसतो, त्याच विषयावरच्या भावनाप्रधान कथापटांत तो मला दिसत नाही.

अनिकेत_सां

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण त्यातल्या मुख्य निष्कर्षाशी मी सहमत नाही. ‘स्पिरिट्स होमकमिंग’विषयी आपण जे लिहिले आहे त्यात एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. या चित्रपटाचे मूळ एका साक्षीदाराच्याच चित्रात आहे. कांग इल-चुल यांनी नानुमच्या घरात चित्रकलेच्या उपचारवर्गात एक चित्र काढले होते: खड्ड्यात पेटवून दिलेल्या मुली, आणि भोवती सैनिक. चो जंग-रे तिथे स्वयंसेवक म्हणून जात असताना २००२ मध्ये त्यांनी ते पाहिले. म्हणजे ‘दाखवण्या’ची सुरुवात दिग्दर्शकाने केलेली नाही, ती एका वाचलेल्या स्त्रीने केली आहे. बोलून जे सांगता येत नव्हते ते तिने कागदावर दाखवले. अशा वेळी साक्ष म्हणजे फक्त कॅमेऱ्यासमोरचे बोलणे, आणि दृश्य म्हणजे शोषण, अशी विभागणी कशी टिकेल?

दुसरी गोष्ट काळाची. २८ डिसेंबर २०१५ रोजी जपान आणि दक्षिण कोरिया या दोन्ही सरकारांनी परस्पर करार जाहीर केला. जपानने १०० कोटी येन द्यायचे आणि हा प्रश्न ‘अंतिम आणि अपरिवर्तनीय’ रीतीने मिटला असे मानायचे, असा त्याचा मथितार्थ होता. हयात असलेल्या स्त्रियांना त्यात विचारातही घेतलेले नव्हते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०१६ मध्ये, हा चित्रपट लागला. आधी त्याला पुरेसे पडदे मिळत नव्हते. प्रेक्षकांनी मागणी लावून धरली तेव्हा ते वाढले, आणि अखेरीस ३५ लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. ज्या विषयाचे दार दोन सरकारांनी बाहेरून कुलूप लावून बंद केले होते ते या चित्रपटाने उघडले. माहितीपटाचा प्रेक्षक बहुतांशी आधीपासूनच सजग असतो. शाळकरी मुले, त्यांचे आईवडील, राजकारणाशी काही देणेघेणे नसलेली माणसे यांच्यापर्यंत हा इतिहास कथेच्या रूपानेच पोहोचतो.

आणि तो चित्रपट केवळ अत्याचाराचा नाही. त्याचा अर्धा भाग वर्तमानात घडतो, आणि परमुलखात मेलेल्या मुलींच्या आत्म्यांना घरी बोलावणाऱ्या देवऋषी स्त्रीच्या विधीत, ज्याला तिथे ‘गुत’ म्हणतात, त्याचा शेवट होतो. ज्यांचे प्रेतही कोणाला मिळाले नाही त्यांच्यासाठी समाजाने केलेले ते उत्तरकार्य आहे. शेवटी देणगीदारांची नावे पडद्यावरून सरकत राहतात. हजारो माणसांनी आपले नाव त्या विधीखाली लिहिले, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

शरयू

अनिकेत, कांग इल-चुल यांच्या चित्राचा मुद्दा रास्त आहे, पण तो तुमच्या बाजूने जातो असे मला वाटत नाही. त्या चित्रात काय दाखवायचे, कुठून पाहायचे, काय कागदाबाहेर ठेवायचे, हे सारे त्यांनी ठरवले होते. चित्रपटात हे निर्णय दिग्दर्शकाने घेतले. सैनिकांच्या त्या ठाण्यातील एकेका खोलीवरून, छत काढून टाकल्यासारखा, वरून सरकत जाणारा कॅमेरा आठवा. ती दृष्टी कोणाची आहे? आत कोंडलेल्या मुलीची ती असूच शकत नाही. कोरियातही अनेक समीक्षकांनी, विशेषतः स्त्रीवादी अभ्यासकांनी, नेमकी हीच हरकत घेतली होती.

मला त्याहून खोल वाटणारी अडचण ‘निरागस मुली’च्या प्रतिमेची आहे. पडद्यावर येणारी मुलगी नेहमी खेडेगावातली, कोवळी, आईबापांची लाडकी असते आणि सैनिक तिला घरातून ओढून नेतात. असे घडले, यात वाद नाही. पण अनेक जणी कारखान्यात नोकरी मिळेल या थापेला फसल्या, काहींना दलालांनी विकले, काही वयाने मोठ्या होत्या, आणि या दलालांत कोरियन माणसेही होती. ज्या समाजाने या स्त्रियांना परत आल्यावर पन्नास वर्षे तोंड उघडू दिले नाही, त्याच समाजाच्या ‘पावित्र्या’च्या कल्पनेवर तो चित्रपट आपली करुणा उभी करतो. मग जिची हकिकत या साच्यात बसत नाही ती स्त्री पुन्हा गप्प राहते. ब्यन यंग-जू यांच्या तिसऱ्या चित्रपटात एका साक्षीदाराची ऐकू न येणारी मुलगी आहे. आईला वाटत असते की हिला काही ठाऊक नाही, आणि मुलगी हातांच्या खुणांनी सांगते की तिला सगळे केव्हाचे माहीत आहे. त्या दोघींमध्ये इतकी वर्षे जे मौन होते ते जपानी सैन्याने लादलेले नव्हते. ते घराने आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी लादलेले होते. हे कोणत्याही बलात्काराच्या दृश्यातून कळले नसते.

लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी हिंसा दाखवावीच लागते हेही मला मान्य नाही. २०१७ चा ‘आय कॅन स्पीक’ हा सरळ सरळ व्यावसायिक चित्रपट आहे; नगरपालिकेच्या कचेरीत तक्रारींचा भडिमार करणाऱ्या आणि हट्टाने इंग्रजी शिकणाऱ्या एका आजीची ती गोष्ट आहे. भूतकाळ त्यात मोजक्या क्षणांपुरता येतो, आणि त्याची सारी ताकद अमेरिकी काँग्रेससमोर ती स्वतःच्या तोंडाने साक्ष देते त्या प्रसंगात आहे. तोही ३० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला.

जुना_प्रेक्षक

चर्चा माहितीपट विरुद्ध कथापट अशी होत चालली आहे, आणि मला ती विभागणीच चुकीची वाटते. या परंपरेची सुरुवात कशी झाली ते पाहिले तर हे स्पष्ट होईल. १९८९ मध्ये ‘जांगसान्गोत्मे’ या गटाने ग्वांगजू शहरातील लष्करी राजवटीविरुद्धच्या १९८० च्या उठावावर ‘ओ! ड्रीमलँड’ केला, आणि पुढच्याच वर्षी कामगारांच्या संपावर ‘द नाइट बिफोर द स्ट्राइक’. दोन्ही कथापटच होते. विद्यापीठांच्या सभागृहांत १६ मिलिमीटरच्या प्रतींवर ते दाखवले जात आणि पोलीस प्रती जप्त करायला येत. ग्वांगजूमधील चोन्नाम विद्यापीठात दुसऱ्या चित्रपटाचा खेळ थांबवण्यासाठी हेलिकॉप्टरसुद्धा वापरले गेले. परवानगीवाचून चित्रपट दाखवला म्हणून झालेल्या खटल्यांतूनच प्रकरण घटना न्यायालयात गेले, आणि ४ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली. आज कोरियन दिग्दर्शक जे मोकळेपणाने करू शकतात त्याचा पाया या कथापटांनी घातला.

धागाकर्तीच्या मांडणीला सर्वांत चांगले उत्तर मला ‘जिसुल’मध्ये दिसते. जेजू बेटावर १९४७ ते १९५४ या काळात बंडखोरीच्या दडपणुकीत पंचवीस ते तीस हजार माणसे मारली गेली असा अंदाज आहे. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपेक्षा आत राहणाऱ्या प्रत्येकाला शत्रू समजण्याचा हुकूम १९४८ च्या शरद ऋतूत निघाला, आणि डोंगराकडच्या गावांतील लोक गुहांमध्ये लपले. पुढे कित्येक दशके या हत्याकांडाचा उच्चार करणेही धोक्याचे होते. चौकशीचा कायदा झाला २००० मध्ये, आणि राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यन यांनी राज्यसंस्थेच्या वतीने माफी मागितली ती २००३ मध्ये. ओ म्यल हे जेजूचेच. त्यांनी २०१२ मध्ये अत्यंत तुटपुंज्या पैशांत, कृष्णधवल रंगांत, स्थानिक बोलीत हा चित्रपट केला. ती बोली इतकी वेगळी आहे की मुख्य भूमीवरच्या कोरियन प्रेक्षकांनाही खाली अक्षरे द्यावी लागली. पुढच्या वर्षी सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला.

आता हा चित्रपट काय करतो पाहा. गुहेतले लोक एकमेकांची थट्टा करतात, बटाटे वाटून खातात, आणि एकाला राहून राहून घरी बांधलेल्या डुकराची काळजी वाटते. बाहेर बर्फात एका सैनिकाला उघडे उभे केले आहे, कारण त्याने गोळी झाडायला नकार दिला. हत्या होतात, पण कॅमेरा धुरातून, अंतरावरून पाहतो. सबंध चित्रपटाची रचना पितरांना वाहायच्या विधीच्या चार टप्प्यांवर बेतलेली आहे, त्यामुळे आपण गोष्ट पाहत नसून एका श्राद्धाला बसलो आहोत असे वाटते. हा कथापट आहे, कलाकारांनी पुन्हा घडवलेला आहे, आणि तरीही त्यात कोणाची विटंबना नाही.

आणि ‘द मर्मरिंग’ फक्त ऐकतो हेही पूर्ण खरे नाही. त्याच्या शेवटी एका वृद्ध स्त्रीचे उघडे, सुरकुतलेले शरीर पडद्यावर येते आणि बराच वेळ तिथे राहते. तेही दाखवणेच आहे. फरक संमतीचा आणि निकटतेचा आहे, प्रकाराचा नाही.

वैनतेय

मला आक्षेप आहे तो मूळ लेखाच्या शेवटच्या परिच्छेदावर. व्हिएतनाममधील हत्याकांड निंद्य होते आणि त्यावर चित्रपट व्हायलाच हवा होता, याविषयी दुमत नाही. पण जपानी सैन्याची ती व्यवस्था आणि एका तुकडीने एका दिवशी केलेली कत्तल या गोष्टी एका वाक्यात आणणे मला धोक्याचे वाटते. पहिली गोष्ट अनेक देशांत, अनेक वर्षे, लष्करी यंत्रणेच्या देखरेखीखाली चालली होती. दुसरी कितीही क्रूर असली तरी तिचे स्वरूप वेगळे आहे. जपानमध्ये इतिहास नाकारणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे, आणि ‘तुम्ही व्हिएतनाममध्ये काय केलेत?’ हा त्यांचा आवडता प्रतिप्रश्न आहे. साक्षीदार स्त्रियांना साधी निःसंदिग्ध कबुली मिळालेली नसताना, त्यांच्या बाजूच्या माणसांनीच हे उदाहरण पुढे करणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे आहे. प्रत्येक दुःखाला स्वतःचे वेगळे स्थान मिळाले पाहिजे. ‘आपलाच गुन्हेगार’ ही कसोटी दिग्दर्शकांसाठी ठीक असेल, पण ज्या वृद्ध स्त्रिया न्याय न मिळताच एकेक करून गेल्या त्यांच्यावर आपण ती का लादावी?

निरंजना (धागाकर्ती)

वैनतेय, आपली चिंता मला समजते, आणि दोन्ही घटनांचे स्वरूप वेगळे आहे हेही मान्य आहे. पण ही कसोटी त्या स्त्रियांवर कोणी लादलेली नाही. ती त्यांनी स्वतः स्वीकारली. मार्च २०१२ मध्ये किम बोक-दोंग आणि गिल वोन-ओक या दोघींनी जाहीर केले की जपान सरकारकडून कधी भरपाई मिळालीच तर ती सगळी युद्धातील लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या इतर स्त्रियांना दिली जावी. त्यातून ‘फुलपाखरू निधी’ उभा राहिला, त्याची पहिली मदत काँगोतील स्त्रियांना गेली, आणि पुढे ती व्हिएतनाममध्ये कोरियन सैनिकांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांपर्यंतही पोहोचली. किम बोक-दोंग यांनी तर कोरियाची नागरिक म्हणून व्हिएतनामी स्त्रियांची माफीही मागितली होती. जानेवारी २०१९ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांच्या स्वतःच्या वाट्याला अशी माफी आलेली नव्हती. ज्यांना सर्वांत अधिक गमावण्याची भीती असायला हवी होती त्यांनी हे पाऊल उचलले. मग आपण त्यांच्या वतीने सावध का व्हावे?

‘अनटोल्ड’कडे परत येते. क्वांग नाम प्रांतातील फोंग न्ही आणि फोंग न्हात या गावांत १२ फेब्रुवारी १९६८ रोजी कोरियन मरीन सैनिकांनी सत्तरहून अधिक गावकरी मारले, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. न्गुयेन थी थान्ह तेव्हा आठ वर्षांच्या होत्या; त्या स्वतः गोळी लागून जखमी झाल्या आणि घरातली माणसे त्यांनी गमावली. माहितीपटात त्या सोलला येऊन, २०१८ च्या नागरी न्यायमंचासमोर, कोरियन लोकांना उद्देशून बोलतात, आणि बाहेर गणवेश घातलेले माजी सैनिक त्यांच्याविरुद्ध घोषणा देत असतात. ई-गिल बोरा यांचे आईवडील दोघेही कर्णबधिर असल्याने हातांची आणि चेहऱ्याची भाषा त्यांच्या घरचीच आहे. हत्याकांडातून वाचलेल्या एका कर्णबधिर माणसाची हकिकत म्हणूनच त्या अशा रीतीने टिपतात की पाहणाऱ्याला दुभाष्याची वाट पाहावी लागत नाही. पुढे ७ फेब्रुवारी २०२३ रोजी सोलच्या न्यायालयाने कोरियन सरकारला या प्रकरणात प्रथमच जबाबदार धरून भरपाईचा आदेश दिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. जे जपानकडे मागितले जाते तेच कोरियाच्या न्यायालयाने कोरियाच्या सरकारला सांगितले. यामुळे जपानकडची मागणी कमजोर होते असे मला वाटत नाही. ती मागणी करणाऱ्याचा नैतिक अधिकार वाढतो.

‘जिसुल’बद्दल जुना_प्रेक्षक यांनी जे लिहिले आहे ते सुंदर आहे. मात्र माझा मुद्दा लैंगिक अत्याचाराच्या पुनर्निर्मितीपुरता होता आणि आहे. गोळी झाडली जाताना कॅमेरा धुरात मागे सरकू शकतो. बलात्काराचा प्रसंग कितीही संयमाने चित्रित केला तरी त्यात एका शरीराला पाहणाऱ्याच्या नजरेसमोर ठेवावेच लागते, आणि तिथे अंतर राखणे जवळजवळ अशक्य होते.

अनिकेत_सां

तरीही एक प्रश्न अनुत्तरित राहतो. नोंद झालेल्या २४० जणींपैकी आता मोजक्याच हयात आहेत आणि त्या अतिवृद्ध आहेत. ऐकण्याची पद्धत ऐकवणारी माणसे असेपर्यंतच चालते. पुढच्या पिढीच्या दिग्दर्शकाला या विषयावर काही करायचे असेल तर त्याने काय फक्त जुन्या चित्रफिती जोडाव्यात?

मृत माणसाच्या बाजूने बोलणे कथापटाला जमते, याचे अगदी अलीकडचे उदाहरण युद्धाच्या विषयाबाहेरचे आहे, म्हणून मुद्दाम देतो. जंग जु-री यांचा ‘नेक्स्ट सोही’ हा चित्रपट जनजू शहरात २०१७ मध्ये घडलेल्या घटनेवर आधारलेला आहे. व्यावसायिक शाळेतल्या एका मुलीला प्रशिक्षणाच्या नावाखाली कॉल सेंटरमध्ये कामाला पाठवले गेले. सेवा बंद करू पाहणाऱ्या ग्राहकांना अडवून धरायचे असे तिचे काम होते, आणि त्या ताणाखाली तिने आत्महत्या केली. चित्रपटाच्या पूर्वार्धात ती मुलगी आपल्यासमोर जगते, हसते, नाचते. उत्तरार्धात एक पोलीस अधिकारी स्त्री शाळा, कंपनी, शिक्षण खाते यांच्या दारोदार फिरते आणि प्रत्येक जण आकड्यांचा तक्ता दाखवून हात झटकतो. २०२२ मध्ये तो कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात समारोपाला दाखवला गेला, २०२३ मध्ये कोरियात प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षी प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांना संरक्षण देणारी कायदादुरुस्ती तिथल्या संसदेने ‘नेक्स्ट सोही प्रतिबंधक कायदा’ याच नावाने ओळखली जाईल अशा रीतीने मंजूर केली. ती मुलगी साक्ष द्यायला नव्हती. चित्रपटाने तिला पुन्हा उभे केले, म्हणून खासदारांना तिचे नाव घ्यावे लागले.

पद्मजा

अनिकेत यांच्या प्रश्नाला कथापटावाचून दुसरे उत्तर नाही असे नाही. किम इल-रान आणि होंग जी-यू यांचा २०१२ चा ‘टू डोअर्स’ पाहावा. २० जानेवारी २००९ रोजी सोलच्या योंगसान भागात पुनर्विकासासाठी हुसकावल्या जाणाऱ्या भाडेकरूंनी छतावर मनोरा उभारून ठाण मांडले होते. पोलिसांच्या कमांडो पथकाने कारवाई केली, आग लागली, आणि पाच आंदोलक व एक पोलीस असे सहा जण मेले. आंदोलकांपैकी काही मृत, काही तुरुंगात. दिग्दर्शिकांकडे बोलायला माणूसच नव्हता. त्यांनी पोलिसांनी स्वतः केलेले चित्रीकरण, न्यायालयातील साक्षी आणि कमांडोंची लेखी निवेदने घेतली आणि त्यातूनच सिद्ध केले की पथकाला त्या जागेची पुरेशी माहितीही न देता आत पाठवले गेले होते. मनोऱ्याकडे नेणारे दार दोनांपैकी कोणते, हेही त्यांना ठाऊक नव्हते. यात आरोपीच्याच कागदांतून साक्ष निघते. जपानी लष्कराचे, कोरियन दलालांचे, अमेरिकी सैन्याने घेतलेल्या जबान्यांचे कागद अभिलेखागारांत आहेत. त्यांच्याकडे असे पाहणारा चित्रपट अजून पुरेसा झालेला नाही.

मात्र यासाठी पैसा कोण देणार हा प्रश्न आपण सगळेच टाळतो आहोत. २०१४ मध्ये सेवोल जहाजाच्या दुर्घटनेवरचा ‘द डायव्हिंग बेल’ हा माहितीपट बुसान महोत्सवाने दाखवू नये म्हणून शहराच्या महापौरांनी दबाव आणला. महोत्सवाने तो दाखवला, आणि त्यानंतर महोत्सवाच्या हिशेबांची तपासणी, अनुदानात कपात आणि संचालकांची उचलबांगडी हे सारे ओळीने घडले. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष पार्क गन-हे यांच्या सरकारने हजारो कलावंतांची काळी यादी ठेवली होती हे पुढे न्यायालयातच सिद्ध झाले. अशा वातावरणात वर्गणीवर चित्रपट करणाऱ्या दोघा दिग्दर्शकांपैकी एकाची पद्धत शुद्ध आणि दुसऱ्याची अशुद्ध ठरवण्यापेक्षा, दोघांनाही सरकारच्या मर्जीबाहेर राहून काम करता येईल अशी व्यवस्था काय असावी, यावर बोलायला हवे. शंभर फूट फिल्म आणि पंचाहत्तर हजार देणगीदार, या दोन्हींमध्ये ते उत्तर काही प्रमाणात आहे.

शरयू

पद्मजा, निधीचा प्रश्न मोठा आहे हे मान्य, पण त्यामुळे पद्धतीचा प्रश्न गौण होत नाही. उलट लोकांच्या पैशांवर झालेल्या चित्रपटाला तो अधिक कठोरपणे विचारायला हवा, कारण त्या पंचाहत्तर हजारांनी पैसे दिले ते या स्त्रियांच्या नावावर. अनिकेत यांनी ‘नेक्स्ट सोही’चे जे उदाहरण दिले आहे त्यातही जंग जु-री यांनी मुलीचा मृत्यू पडद्यावर घडवलेला नाही. ती बर्फाळ दिवसात एका तलावाकडे चालत जाते आणि कॅमेरा तिथेच थांबतो. पुढचा तासभर चित्रपट विचारत राहतो तो प्रश्न हा, की तिला तिथवर कोणी आणले. मला ‘स्पिरिट्स होमकमिंग’मध्ये तो तासभर हवा होता: दलाल कोण होते, गावातले कोण गप्प बसले, परतलेल्या मुलीला घरात का घेतले नाही. त्याऐवजी तो वेळ ठाण्यातल्या खोल्यांना दिला गेला, आणि ही निवड परिस्थितीने लादलेली नव्हती, दिग्दर्शकाने केलेली होती.